गुरांचा क्षयरोग : जंतूच्या प्रथिनांवरून रोगाची ओळख

फऱ्या किंवा घटसर्प गोठ्यात शिरला म्हणजे तो ओळखण्यास वेळ लागत नाही. सकाळी चाऱ्याला तोंड न लावणारे जनावर संध्याकाळपर्यंत आडवे होते आणि सारी आळी सावध होते. क्षयरोगाचे तसे नाही. क्षय जडलेली गाय कित्येक महिने, प्रसंगी कित्येक वर्षे, चारा खाते, दूध देते, गाभण राहते आणि वितेही. तिच्या अंगावर तकाकी असते. बाजारात तिला चांगली किंमत येते. खोकला, रोडावणे, दूध आटणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा फुप्फुसाचा बराच भाग निकामी झालेला असतो. आणि तोपर्यंत गव्हाणीला शेजारी बांधलेल्या जनावरांना व क्वचित घरातील मुलांनाही रोगाचा संसर्ग झालेला असण्याचा संभव असतो.

सबब, या रोगाच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबून चालत नाही. रोगाची लक्षणे दिसण्यापूर्वी तो ओळखण्याचे जे साधन पशुवैद्यांच्या हाती आहे, त्यास ट्युबरक्युलिन परीक्षा म्हणतात. ही परीक्षा जंतू शोधीत नाही. जनावराचे शरीर जंतूच्या प्रथिनांना ओळखते की नाही, एवढेच ती विचारते. हा भेद नीट ध्यानात घेतला म्हणजे परीक्षेचा उपयोग, तिच्या मर्यादा आणि तिच्या निर्णयानंतर करावयाची व्यवस्था या तिन्ही गोष्टी आपोआप समजतात. भारतातील अनेक पाहण्यांचे जे एकत्रित पुनर्विलोकन २०१८ साली प्रसिद्ध झाले, त्यात गाई-म्हशींतील या रोगाचे प्रमाण सरासरी सुमारे ७.३ टक्के इतके आढळले. म्हणजे शंभर जनावरांमागे सात. यास्तव हा विषय प्रत्येक दूध-उत्पादक गावाने अभ्यासण्याजोगा आहे.

जंतू फुप्फुसात कसा ठाण मांडतो

क्षयरोगाच्या जंतूचा शोध जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला. माणसातील व गुरांतील क्षयजंतू हे एकच नव्हेत, ही गोष्ट अमेरिकन शास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९८ साली स्पष्ट केली. गुरांत मुख्यत्वे आढळणाऱ्या जातीस ‘मायकोबॅक्टेरियम बोव्हिस’ असे नाव आहे. दक्षिण आशियात ‘मायकोबॅक्टेरियम ओरिजिस’ ही तिची जवळची जातही गुरांत व माणसांत आढळून आली आहे. याशिवाय माणसातील क्षयजंतूही माणसाकडून गुरांकडे जाऊ शकतो. म्हणजे रोगाची वाट गोठ्यातून घराकडे जशी आहे, तशीच घरातून गोठ्याकडेही आहे.

रोगी जनावर खोकते किंवा जोराने श्वास सोडते तेव्हा जंतूंनी भरलेले सूक्ष्म तुषार हवेत उडतात. बंदिस्त, अंधाऱ्या व दाटीच्या गोठ्यात हे तुषार शेजारच्या जनावराच्या श्वासावाटे त्याच्या फुप्फुसात उतरतात. वासरांना रोगी गाईचे कच्चे दूध पाजल्याने जंतू पोटावाटेही शरीरात शिरतो.

फुप्फुसात शिरलेल्या कोणत्याही परक्या जंतूस गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी शरीरात असतात. बहुतेक जंतूंचा त्या निकाल लावतात. क्षयजंतू मात्र मेणासारख्या स्निग्ध आवरणाने झाकलेला असल्याने पेशीत जाऊनही तग धरतो व तेथेच वाढू लागतो. त्याला मारता येत नाही असे दिसताच शरीर त्याच्याभोवती पेशींचा कोट उभारते. या कोटाची गाठ बनते. गाठीचा मध्यभाग कालांतराने मरतो आणि चक्क्यासारखा किंवा चुन्याच्या खड्यांसारखा होतो. फुप्फुसात व छातीतील रसग्रंथींत अशा गाठी असल्या तरी जनावर बाहेरून धडधाकट दिसू शकते. मात्र एखादी गाठ फुटून श्वासनलिकेत मोकळी झाली की ते जनावर गोठ्यात जंतू पसरविण्यास आरंभ करते.

शरीर जंतूला कशावरून ओळखते

जंतूचे शरीरही प्रथिनांचेच बनलेले असते. क्षयजंतूमध्ये सुमारे ४००० जनुके आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या आज्ञेवरून एकेक प्रथिन तयार होते. यांपैकी काही प्रथिने जंतू आपल्या शरीराबाहेर सोडतो. भक्षक पेशी गिळलेल्या जंतूच्या प्रथिनांचे तुकडे करून ते आपल्या पृष्ठभागावर मांडतात. रक्तातील टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी हे तुकडे तपासतात. ज्या टी-पेशीला एखादा तुकडा अचूक जुळतो, ती झपाट्याने वाढून आपल्यासारख्या असंख्य पेशी निर्माण करते. त्यांतील काही पेशी पुढे दीर्घकाळ टिकून राहतात. त्यांस स्मृतिपेशी म्हणतात, आणि तेच प्रथिन पुन्हा समोर आले की त्या त्वरित जाग्या होतात.

गावच्या रखवालदाराने एखाद्या चोराला एकदा पाहिले की पुढे नुसता त्याचा फेटा दिसला तरी तो ओरडतो. फेटा म्हणजे चोर नव्हे. पण रखवालदाराच्या ओरडण्यावरून चोर पूर्वी गावात येऊन गेला, हे निश्चित कळते. जंतूचे प्रथिन हा असाच फेटा आहे. जंतू मारून त्याची प्रथिने तेवढी वेगळी काढली व जनावराच्या कातडीत टोचली, तर ज्या जनावरास जंतूची ओळख आहे त्याच्या स्मृतिपेशी त्या जागी धावून येतात, तेथे सूज येते व कातडी जाड होते. ज्यास ओळख नाही, त्याची कातडी जशीच्या तशी राहते. ट्युबरक्युलिन परीक्षेचे सारे तत्त्व एवढेच होय.

या पेशी जमण्यास दोन-तीन दिवस लागतात. म्हणून परीक्षेचा निकाल ७२ तासांनी वाचावयाचा असतो. ‘आज टोचले, उद्या पाहिले, काही नाही’ असे म्हणून परीक्षा अर्धवट सोडणे म्हणजे ती न करण्यासारखेच आहे.

फसलेल्या औषधातून मिळालेली परीक्षा

ट्युबरक्युलिन मुळात औषध म्हणून पुढे आले. १८९० साली कॉख यांनी क्षयजंतूंच्या वाढीपासून ग्लिसरीनमध्ये काढलेला एक अर्क क्षयावरील उपाय म्हणून जाहीर केला. उपाय म्हणून तो फसला. कित्येक रोग्यांना त्यापासून अपायच झाला. परंतु एक गोष्ट लक्षात आली, ती ही की, क्षयी माणसास किंवा जनावरास तो अर्क टोचला असता जोराची प्रतिक्रिया उमटे आणि निरोगी शरीरात ती उमटत नसे. औषध गेले, परीक्षा मागे राहिली. १९०८ साली फ्रेंच वैद्य शार्ल मांतू यांनी कातडीच्या थरात टोचण्याची रीत बसविली. पुढे अमेरिकेत फ्लॉरेन्स सीबर्ट या विदुषींनी त्या कच्च्या अर्कातून प्रथिनांचा भाग शुद्ध करून काढला. त्यांनी तयार केलेला प्रथिनसाठा १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाण म्हणून स्वीकारला. आज गुरांना टोचतात ते ट्युबरक्युलिन याच शुद्ध प्रथिनांच्या जातीचे असते.

हे द्रव्य तयार करताना जंतू कित्येक आठवडे पोषक द्रवात वाढवितात, उष्णतेने मारतात, गाळून काढतात आणि उरलेल्या द्रवातून प्रथिने वेगळी करतात. त्यात जिवंत जंतू नसतो. यास्तव टोचल्याने जनावरास क्षय जडेल ही समजूत निराधार आहे. शेतकऱ्याच्या मनातील ही भीती ग्रामकार्यकर्त्याने प्रथम दूर करावी. कारण पुष्कळदा याच एका भीतीपोटी गोठ्याची परीक्षा टळते.

परीक्षेची रीत

परीक्षा पशुवैद्यानेच करावयाची असते; तथापि शेतकऱ्यास तिची रीत ठाऊक असावी.

मानेच्या मध्यभागी एका जागेवरील केस कापून कातडीची घडी चिमटीत धरतात व कॅलिपर नावाच्या मापकाने तिची जाडी मोजून लिहून ठेवतात. नंतर बारीक सुईने ०.१ मिलिलिटर ट्युबरक्युलिन कातडीच्या थरात टोचतात. सुई बरोबर बसली असल्यास तेथे मसुराच्या दाण्याएवढा फुगवटा बोटास लागतो. ७२ तासांनी, शक्यतो त्याच व्यक्तीने, पुन्हा जाडी मोजावयाची असते. कातडीची जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वाढली तर जनावर प्रतिक्रिया दाखविणारे समजतात. वाढ २ मिलिमीटरपर्यंतच असून सूज, वेदना वा अन्य लक्षण नसेल तर ते निर्दोष मानतात. दोहोंच्या मधले जनावर संशयित ठरते व ४२ दिवसांनी त्याची पुन्हा परीक्षा करावी लागते.

येथे एक अडचण उद्भवते. माती, पाणी व पक्षी यांत क्षयजंतूच्या कुळातील इतर अनेक जंतू असतात. ते गुरांस फारसा अपाय करीत नाहीत. पण त्यांची पुष्कळशी प्रथिने क्षयजंतूच्या प्रथिनांसारखीच असतात. एका घराण्यातील माणसांचे फेटे सारखे असावेत, तसा हा प्रकार होय. अशा निरुपद्रवी जंतूशी संबंध आलेले जनावरही सूज दाखवू शकते. हा घोटाळा टाळण्यासाठी तुलनात्मक परीक्षा करतात. मानेवर सुमारे १२ सेंटिमीटर अंतराने दोन जागा निवडून एका जागी पक्ष्यांच्या क्षयजंतूपासून व दुसऱ्या जागी गुरांच्या क्षयजंतूपासून बनविलेले ट्युबरक्युलिन टोचतात आणि दोन्ही ठिकाणची वाढ पडताळून पाहतात.

समजा, तीन गाईंची अशी परीक्षा झाली.

पहिली गाय : पक्षी-जागी जाडी ७ वरून ९, गुरे-जागी ७ वरून १५ मिलिमीटर. वाढ अनुक्रमे २ व ८. गुरे-जागेची वाढ ६ मिलिमीटरने अधिक, म्हणजे ४ हून जास्त. गाय प्रतिक्रिया दाखविणारी.

दुसरी गाय : पक्षी-जागी ७ वरून १३, गुरे-जागी ७ वरून १२. वाढ ६ व ५. गुरे-जागेची वाढ कमी. सूज मोठी दिसली तरी गाय या परीक्षेत निर्दोष.

तिसरी गाय : पक्षी-जागी ८ वरून १०, गुरे-जागी ८ वरून १३. वाढ २ व ५. फरक ३, म्हणजे १ ते ४ च्या दरम्यान. गाय संशयित, ४२ दिवसांनी फेरपरीक्षा.

दुसऱ्या गाईचे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे. नुसती सूज पाहून गाय रोगी ठरविणे हा तिच्यावर व तिच्या धन्यावर अन्याय होय. निर्णय मापकाने व आकड्यांनी करावयाचा असतो, नजरेने नव्हे.

परीक्षा केव्हा चुकते

परीक्षा शरीराच्या स्मृतीवर अवलंबून असल्यामुळे, जेथे स्मृती तयार झालेली नाही किंवा थकलेली आहे, तेथे ती फसते. असे प्रसंग पुढीलप्रमाणे :

१. संसर्ग नुकताच झाला असेल तर स्मृतिपेशी तयार होण्यास साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. त्या काळात जनावर निर्दोष दिसते.

२. रोग फार वाढलेल्या जनावराची प्रतिकारशक्तीच खचते, व त्याची कातडी मुळीच सुजत नाही. गोठ्यातील सर्वांत रोगी जनावर परीक्षेत निर्दोष ठरण्याचा चमत्कार यामुळे घडतो. म्हणून रोडावलेल्या, सतत खोकणाऱ्या जनावराबाबत केवळ परीक्षेवर न थांबता पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

३. गाय नुकतीच व्याली असेल तर पहिले चार ते सहा आठवडे प्रतिक्रिया मंद राहू शकते.

४. थोड्या दिवसांपूर्वीच ट्युबरक्युलिन टोचले असेल तर दुसऱ्या वेळी शरीर पुरेसा प्रतिसाद देत नाही. खरेदीच्या व्यवहारात ही बाब फार महत्त्वाची आहे. परीक्षेस उभ्या केलेल्या जनावरास आधीच्या दोन महिन्यांत ट्युबरक्युलिन टोचले होते काय, याची चौकशी केल्याखेरीज निकालावर भरवसा ठेवू नये.

या कारणांमुळे एका परीक्षेने गोठा शुद्ध झाला असे समजू नये. सर्व जनावरे ओळीने निर्दोष ठरेपर्यंत ठराविक अंतराने परीक्षा चालू ठेवणे हाच खरा मार्ग होय.

गुरांना लस का टोचीत नाहीत?

लहान मुलांना बी.सी.जी. लस टोचतात, मग गाईंना का नाही, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. प्रश्न योग्य आहे. ही लस मुळात गुरांच्याच क्षयजंतूपासून तयार झालेली आहे. फ्रान्समधील लील येथील पाश्चर संस्थेत आल्बेर काल्मेत व कामीय गेरँ यांनी १९०८ पासून १३ वर्षे हा जंतू पित्तमिश्रित बटाट्यावर २३० वेळा पुनःपुन्हा वाढविला. त्यामुळे त्याचा रोग उत्पन्न करण्याचा गुण नाहीसा झाला. १९२१ साली ही लस प्रथम एका बालकास देण्यात आली. भारतात १९४८ साली मद्रासजवळ गिंडी येथे तिची प्रयोगशाळा उभारण्यात आली.

परंतु लसीतील जिवंत जंतूची प्रथिने ट्युबरक्युलिनमधील प्रथिनांशी जुळतात. लस टोचलेली निरोगी गाय म्हणूनच परीक्षेत रोगी गाईसारखी सूज दाखवू शकते. मग खरा रोगी कोणता व लस घेतलेला कोणता, हे कळेनासे होते. गुरांमध्ये लसीचे संरक्षणही पूर्ण मिळत नाही. परीक्षा गमावून अपुरे संरक्षण पदरात घेणे बहुतेक देशांना परवडणारे वाटले नाही, म्हणून गुरांसाठी ही लस सर्रास वापरात आली नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट अलीकडे दिसू लागली आहे, आणि तीही प्रथिनांच्याच अभ्यासातून. १९९५ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी क्षयजंतू बाहेर सोडीत असलेल्या ‘ईसॅट-६’ नावाच्या एका छोट्या प्रथिनाचे वर्णन केले. ‘सीएफपी-१०’ हे त्याचे जोडीदार प्रथिन. गिळलेला जंतू भक्षक पेशीच्या ज्या कप्प्यात कोंडलेला असतो, त्याची भिंत भेदण्यास ही प्रथिने त्याला साह्य करतात. शरीराच्या टी-पेशी यांना फार जोराने ओळखतात. आणि मुख्य गोष्ट अशी की, १३ वर्षांच्या त्या बटाट्यावरील वाढीत लसीच्या जंतूने नेमका याच प्रथिनांच्या जनुकांचा भाग गमावला आहे. म्हणजे या दोन प्रथिनांना ओळखणाऱ्या शरीरात लसीचा नव्हे, खऱ्या रोगाचा जंतू शिरला होता, असे म्हणता येते.

या तत्त्वावर माणसांसाठी त्वचापरीक्षा निघाली असून पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या अशा एका परीक्षाद्रव्यास भारतात २०२२ साली मान्यता मिळाली. गुरांसाठीही अशा प्रथिनांच्या तुकड्यांवर आधारलेल्या परीक्षांवर काम चालू आहे. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली रक्ताची एक परीक्षाही आहे. तीत जनावराचे रक्त जंतूच्या प्रथिनांसह रात्रभर ठेवतात व टी-पेशींनी सोडलेले इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य मोजतात. मात्र तिला सुसज्ज प्रयोगशाळा लागते व ताजे रक्त वेळेत पोहोचवावे लागते. गावपातळीवर आजही भरवशाचे साधन म्हणजे मानेवरील ट्युबरक्युलिन परीक्षाच होय.

प्रतिक्रिया दाखविणाऱ्या गाईचे काय करावे?

खरी कसोटी येथे लागते. गाय दिसायला सुदृढ आहे, दूध देत आहे, कदाचित तिच्यावर बँकेचे कर्जही आहे, आणि परीक्षा तिला दोषी ठरविते. अशा वेळी ‘कोणास कळण्यापूर्वी विकून टाकावी’ हा विचार मनात येणे साहजिक असले तरी तो घातक आहे. गाय विकली म्हणजे रोग संपत नाही. तो दुसऱ्या गोठ्यात, कदाचित आपल्याच सोयऱ्याच्या गोठ्यात, जातो. शिवाय प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांचे नियंत्रण करणाऱ्या २००९ च्या केंद्रीय कायद्यात गुरांच्या क्षयाचा समावेश असून, रोगाची खबर देणे व जनावर वेगळे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. रोगी असल्याचे ठाऊक असलेले जनावर बाजारात आणण्यास मनाई आहे.

अनेक पाश्चात्त्य देशांत अशी जनावरे मारून टाकतात व मालकास भरपाई देतात. महाराष्ट्रात गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी आहे. म्हणून येथे उपयोगी पडणारा धडा डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बांग यांनी घालून दिलेला आहे. १८९२ पासून त्यांनी असे दाखविले की, कळप न मारताही रोग हटविता येतो. परीक्षेने कळपाचे दोन भाग करावेत. दोषी गाईंना निराळ्या गोठ्यात ठेवून त्यांचे दूध तापवून वापरावे. त्यांची वासरे जन्मताच दूर करून निर्दोष दुधावर वाढवावीत. दोषी गाईच्या पोटचे वासरू बहुधा निरोगीच जन्मते. त्याला रोग जडतो तो नंतर, सहवासाने व दुधाने. अशा रीतीने काही वर्षांत जुना कळप आपोआप संपतो व त्याच रक्ताचा नवा, शुद्ध कळप उभा राहतो. दूध केंद्रांतून शेतावर परत जाणारे सायीविना दूध तापविणेही त्या देशाने १८९८ साली कायद्याने सक्तीचे केले.

हीच रीत येथील गोठ्यात पुढीलप्रमाणे आचरणात आणता येईल :

१. दोषी जनावर स्वतंत्र छपरात, वाऱ्याच्या वाटेपासून व इतरांच्या गव्हाणीपासून दूर बांधावे. त्याची बादली, दावे व पाण्याचे भांडे वेगळे असावे. सार्वजनिक हौदावर त्यास नेऊ नये.

२. चारापाणी व धार काढण्याचे काम प्रथम निरोगी जनावरांचे, शेवटी दोषी जनावराचे करावे. नंतर हातपाय साबणाने स्वच्छ धुवावेत.

३. वासरू जन्मताच वेगळे करावे व त्यास निर्दोष गाईचा चीक पाजावा. पुढे निर्दोष गाईचे किंवा उकळून कोमट केलेले दूध द्यावे.

४. गोठ्यात ऊन व वारा येईल अशी व्यवस्था करावी. ओल्या, अंधाऱ्या जागी व शेणात हा जंतू दीर्घकाळ टिकतो. उघड्या उन्हात लवकर मरतो. नुसत्या चुन्याच्या हातावर विसंबू नये. पशुवैद्याच्या सल्ल्याने फिनॉल जातीचे जंतुनाशक वापरावे.

५. माणसाच्या क्षयावरील औषधे गाईस देऊ नयेत. अर्धवट औषधाने रोग जात नाही, मात्र औषधाला दाद न देणारे जंतू पैदा होण्याचा धोका वाढतो.

६. नवीन जनावर परीक्षेचा निकाल पाहूनच खरेदी करावे. तरीही ते निदान सहा आठवडे निराळे बांधून फेरपरीक्षा करावी व मगच कळपात घ्यावे. निकालाची नोंद कानातील बिल्ल्याच्या क्रमांकासह ठेवावी.

घरातील माणसांची काळजी

धारोष्ण दूध शक्तिवर्धक असते अशी समजूत खेड्यांतून पुष्कळ आहे. ज्या गोठ्याची परीक्षा झालेली नाही, तेथील धारोष्ण दूध मुलास देणे धोक्याचे आहे. दूध ७२ अंश सेल्सियसवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटे तापविले तरी क्षयजंतू मरतो. घरी नीट उकळी आणलेले दूध निर्धोक होते. दही, ताक व लोणी यांसाठीही उकळलेलेच दूध विरजावे. दोषी गाईचे दूध डेअरीच्या कॅनमध्ये मिसळण्यापूर्वी पशुधन विकास अधिकाऱ्याचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

कुटुंबातील कोणास दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, बारीक ताप अथवा मानेत गाठी असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. तेथे ती विनामूल्य होते. आपल्या गोठ्यात दोषी जनावर आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कारण गुरांच्या क्षयजंतूवर पायरॅझिनामाइड हे नेहमीचे एक औषध मुळातच चालत नाही. त्याचप्रमाणे, ज्यास फुप्फुसाचा क्षय झाला आहे अशा माणसाने डॉक्टरांनी सांगेपर्यंत गोठ्यातील काम करू नये.

ग्रामकार्यकर्त्याचे काम

गावात ही परीक्षा घडवून आणण्याचे यश बव्हंशी विश्वासावर अवलंबून आहे. एकाच गोठ्याची परीक्षा झाली तर त्या शेतकऱ्यास बोट दाखविले गेल्यासारखे वाटते. दूध संस्थेच्या सर्व सभासदांनी एकत्र ठरवून आपापल्या गोठ्यांची परीक्षा करून घेतली तर कोणासच कमीपणा वाटत नाही. परीक्षेपूर्वी सभा घेऊन दोषी जनावरांची व्यवस्था काय करावयाची, वेगळे छप्पर कोठे उभारावयाचे व वासरांना निर्दोष दूध कोणी पुरवावयाचे, हे आधीच ठरवून ठेवावे. व्यवस्था न ठरविता केलेली परीक्षा गावात भय उत्पन्न करते. व्यवस्था ठरवून केलेली परीक्षा गावाचे दूध शुद्ध करते.

चर्चामंडळासाठी प्रश्न

१. ट्युबरक्युलिनमध्ये जिवंत जंतू असतो काय? त्याने गाईस रोग का जडत नाही?

२. परीक्षेचा निकाल ७२ तासांनीच का वाचतात?

३. एका गाईची पक्षी-जागेची वाढ ३ मिलिमीटर व गुरे-जागेची वाढ ९ मिलिमीटर आहे. निर्णय काय?

४. अतिशय रोगी गाय परीक्षेत निर्दोष का ठरू शकते?

५. बी.सी.जी. लस घेतलेल्या शरीरात ‘ईसॅट-६’ प्रथिनाची ओळख का नसते?

६. आपल्या गावात दोषी जनावरांसाठी वेगळी जागा कोठे करता येईल व तिची जबाबदारी कोण घेईल?